बाईसाहेबांची सहा पिल्लं

डॉक्टरीणबाईंच्या चष्म्याची काडी तुटली होती. दवाखान्यात एका मांजराने पंजा मारला, चष्मा उडाला आणि नेमका त्याच मांजराच्या मालकाच्या बुटाखाली आला, असं त्या सांगत होत्या. चष्मेवाला काउंटरवर मान घालून बारीक स्क्रू बसवत होता आणि मधूनमधून हसत होता. जनावरांच्या डॉक्टर म्हणून या भागात येऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती, पण बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या आणि चष्मेवाल्याची कुत्री, बाईसाहेब, त्यांच्याकडेच जायची.

"तुमच्या बाईसाहेबांना पिल्लं झाली होती ना? चार-पाच वर्षांपूर्वी?" त्यांनी विचारलं.

"सहा," चष्मेवाला कौतुकाने म्हणाला. "सगळी चांगल्या घरी गेली."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक नाही गेलं."

गेल्या आठवड्यात त्या पुलापलीकडच्या एका फरशीच्या गोदामात गेल्या होत्या. शेजारच्या गॅरेजवाल्याने फोन केला होता की इथे एक कुत्री आहे, तिच्या मानेला वास येतोय. मागच्या बाजूला, फरशांच्या खोक्यांमध्ये, साखळीला बांधलेली तपकिरी कुत्री. छातीवर गोल पांढरा ठिपका. कित्येक वर्षांपूर्वी घातलेला पट्टा कुणी सैल केलाच नव्हता, तो कातडीत रुतला होता. त्यांनी तो कापून काढला, जखम धुतली. कुत्री कुठून आणली विचारल्यावर गोदामाचा मालक म्हणाला, चष्म्याच्या दुकानातून. आता ती त्याला नको होती. कुणी नेत असेल तर न्या, नाहीतर काय ते करा, असं त्याचं म्हणणं.

"मी दोष द्यायला आलेली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तिला तिथून हलवायला हवं, आणि लवकर."

चष्मेवाल्याने काचा पुसल्या आणि चष्मा त्यांच्या हातात दिला. ठिपक्याचं ऐकल्याबरोबर त्याला कळलं होतं. ती बटण होती. नाव त्याच्या मुलीने ठेवलं होतं.

बाईसाहेब त्यांच्याकडे आली ती तीन महिन्यांची असताना. मोठी झाली तशी तिची चाल सगळ्या गल्लीत गाजली. कंबर डुलवत, सावकाश, जणू मागून कुणीतरी तिचा पदर सांभाळत येतंय. त्या चालीवरूनच तिचं नाव पडलं. चष्मेवाला तिला फिरवायला नेई तेव्हा लोक थांबून बघत, आणि तोही जरा छाती काढून चालत असे. स्वतःच्या रूपाचं कौतुक आयुष्यात कधी न झालेल्या माणसाला कुत्रीच्या रूपाचं झालं तरी पुरतं.

ती तीन वर्षांची झाली तेव्हा मेव्हण्याने विषय काढला. हा बायकोचा धाकटा भाऊ, जगातल्या प्रत्येक गोष्टीत याची ओळख असायची. त्याच्या ओळखीच्या एका ठेकेदाराकडे त्याच जातीचा उमदा नर होता. मेव्हणा म्हणाला की अशी कुत्री आणि पिल्लं नाहीत म्हणजे पाप आहे; एकदा तरी आई झाली की कुत्री शांत होते; आणि पिल्लं काय, लोक हातोहात नेतील. चष्मेवाल्याची दहा वर्षांची मुलगी ते ऐकत बसली होती. तिने त्याच दिवसापासून पिल्लांची भुणभुण लावली.

तेव्हा दवाखान्यात म्हातारे डॉक्टर होते, आता ते नाहीत. चष्मेवाला बाईसाहेबला लस द्यायला घेऊन गेला आणि सहज बोलावं तसं पिल्लांचं बोलला. म्हाताऱ्यांनी कुत्रीला दोनदा खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला चालवलं. मग तिचा मागचा पाय हळूच ताणून बघितला. तिने मान वळवून त्यांच्या हाताकडे पाहिलं.

"ही ऐट नाही," ते म्हणाले. "हे दुखणं आहे. खुब्यांचा एक्स-रे काढा. सांधे बरे नसतील तर पिल्लांचं डोक्यातून काढून टाका. हे पिल्लांत उतरतं."

चष्मेवाल्याने हो म्हटलं. बाहेर पडताना त्याला म्हाताऱ्यांचा थोडा रागही आला होता, आपल्या पोरीला कुणी नाव ठेवल्यावर यावा तसा. एक्स-रेसाठी कुत्रीला भूल द्यावी लागणार होती, त्यासाठी एक अख्खा दिवस दुकान बंद ठेवावं लागलं असतं. आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता ते राहिलं. दरम्यान ठेकेदाराचा निरोप आला. आणि मग सहा पिल्लं झाली.

दोन महिने घरात नुसता गोंधळ होता. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, त्यात सहा पिल्लं. बायकोने खुर्च्यांचे पाय, चपला आणि स्वतःचं डोकं, तिन्ही सांभाळायचा प्रयत्न केला आणि शेवटी तिन्हींची आशा सोडली. मुलगी शाळेतून धावत यायची. तिने सगळ्यांना नावं दिली होती: जाड्या, ढब्बू, खारी, रडूबाई, पोस्टमन आणि बटण. आठ आठवडे भरले तेव्हा चष्मेवाल्याला फक्त झोप हवी होती. पहिलं पिल्लू निवडून न्यायचं, ही ठेकेदाराची अट होती. त्याने खारीला नेलं. बाकीची आठवड्याभरात गेली. एकाचेही त्याने पैसे घेतले नाहीत. हे तो पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगत असे: आम्ही विकली नाहीत हो, दिली.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या त्याच दुपारी तो दुकानाचं शटर ओढून गोदामावर गेला.

फरशीवाला म्हणजे कुणीतरी दांडगट, तांबारलेल्या डोळ्यांचा माणूस असेल, असं त्याने वाटेत ठरवून टाकलं होतं. प्रत्यक्षात तो थकलेला, सभ्य, पोट सुटलेला माणूस निघाला. वाचायचा चष्मा कपाळावर चढवलेला. चष्मा चष्मेवाल्याच्याच दुकानातला होता.

त्याने लपवलं काहीच नाही. पहिलं वर्षभर कुत्री घरात होती, मुलं तिला घेऊन झोपायची. मग ती जिना चढेनाशी झाली. बाहेर न्यायला कुणाला वेळ नाही, मग घरातच घाण. त्यात वडिलांना अर्धांगवायू झाला. एका घरात दोघांचं करणं बायकोला जमेना. म्हणून चार दिवस गोदामात ठेवू म्हणून आणली, आणि चार दिवसांची चार वर्षं झाली. खायला रोज घातलं. मारलं कधीच नाही. राखणीला तरी उपयोग होईल असं वाटलं होतं, पण ती उठायचीच नाही.

चष्मेवाल्याने विचारलं, मग मला का नाही सांगितलं, मी परत नेली असती.

फरशीवाल्याने कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. "तुम्हाला आठवत नाही वाटतं. मी चष्मा न्यायला आलो होतो. मला कुत्रं नकोच होतं. तुम्ही म्हणालात, शेवटचं आहे, घेऊन जा, मुलं खूश होतील. खोक्यात घालून माझ्या हातात दिलंत. चष्म्याच्या पिशवीबरोबर."

आठवत नव्हतं असं नाही. पण त्याच्या आठवणीत या माणसाने पिल्लाला कुरवाळलं होतं, विचारलं होतं, मागितलं होतं. आता त्याला ते खोकंही दिसलं, हवेसाठी पाडलेली भोकंही दिसली. चष्म्याचा नंबर काढताना त्याने या माणसाला अर्धा तास खुर्चीत बसवून विचारलं होतं की काम किती अंतरावरून करता, उजेड कसा असतो, डोकं दुखतं का. पिल्लू देताना एवढंसुद्धा विचारलं नव्हतं की घराला जिने किती आहेत.

बटण खोक्यांच्या सावलीत पडली होती. मानेभोवती कातडीचा एक उघडा, गुलाबी गोल. कोपरांना घट्टे. नखं एवढी वाढलेली की ती वळून बोटांखाली गेली होती. पाण्याच्या भांड्याला आतून हिरवा थर. त्याने नावाने हाक मारली. तिने मान उचलली, ती नावाला ओळखून नव्हे, आवाज आला म्हणून. तिचं नाव तिथे कुणी घेतच नव्हतं. त्याने उभं करायला हात लावला तेव्हा ती पुढच्या पायांवर उठली आणि मागचं अंग तिच्या मागून आलं, डुलत, सावकाश. ती चाल त्याच्या ओळखीची होती.

गॅरेजवाल्याने तिला रिक्षात चढवायला मदत केली. जाताना फरशीवाला बाहेर आला, आणि साखळी हवी आहे का, असं त्याने विचारलं. त्याने ते चांगुलपणानेच विचारलं असावं.

चष्मेवाल्याने वाटेत मनाशी एक चित्र रंगवलं होतं. बाईसाहेब दार उघडल्यावर पुढे येईल, लेकीला हुंगेल, थबकेल, आणि मग तिला कळेल. बाईसाहेब पुढे आली, हुंगली, आणि दात दाखवून अशी गुरगुरली की बायकोच्या हातातलं भांडं पडलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. एकीला एका खोलीत, दुसरीला दुसऱ्या खोलीत ठेवायचं आणि दार लावायचं, हाच घराचा दिनक्रम झाला. मुलगी आता पंधरा वर्षांची होती आणि शिकायला तिच्या आत्याकडे, दुसऱ्या गावी राहत होती. तिला फोनवर कुणी काही सांगितलं नाही.

बटणला दिवसातून चार वेळा खाली न्यावं लागे. ती जिना चढायची नाही आणि उतरायचीही नाही, म्हणून चष्मेवाला तिला उचलून न्यायचा. दुसरा मजला, अठ्ठावीस किलो. पाचव्या दिवशी त्याची कंबर धरली. घरात ती गादीवर झोपत नसे, उघड्या फरशीवर झोपे. आणि एक गोष्ट बघताना त्याला फार त्रास व्हायचा. ती खोलीत मोकळी असताना चार पावलं चालायची, थांबायची आणि परत वळायची. साखळी तेवढीच होती.

डॉक्टरीणबाईंनी तिला भूल देऊन एक्स-रे काढला, आणि त्याच भुलीत पिल्लं न होण्याचं ऑपरेशनही करून टाकलं. मग त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. हे समजायला चष्मेवाल्याला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. खुब्याचा गोळा खोबणीत बसायला हवा तसा बसलाच नव्हता, चुकीच्या फ्रेममध्ये कोंबलेल्या काचेसारखा अर्धा बाहेर होता. दोन्ही बाजूंनी. त्याने विचारलं की हे बांधून ठेवल्यामुळे झालं का.

बांधून ठेवल्यामुळे वाढलं, त्या म्हणाल्या, पण मूळचं आहे. मग जरा घुटमळून त्यांनी कपाटातून बाईसाहेबचा जुना केसपेपर काढला आणि त्याच्यापुढे सरकवला. म्हाताऱ्या डॉक्टरांचं अक्षर बारीक आणि सुरेख होतं. तारीख, लशीचं नाव, आणि खाली: 'खुब्यांचा एक्स-रे सुचवला. पिल्लं घेऊ नयेत असं सांगितलं.' त्याखाली दुसऱ्या शाईत, सहा महिन्यांनंतरच्या तारखेला: 'सहा पिल्लं झाली म्हणे.'

ते 'म्हणे' चष्मेवाल्याला फार लागलं. म्हातारे पुढे एक शब्दही बोलले नव्हते. पिल्लांना लशी द्यायला नेलं तेव्हा त्यांनी एकेकाला तळहातावर घेऊन तपासलं होतं, आणि चष्मेवाल्याला वाटलं होतं की तेही कौतुकच करताहेत.

त्या संध्याकाळी तो बायकोला म्हणाला की काहीही झालं तरी बटणला आपण ठेवायचं. बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तिला ठेवायचंय, की तुम्हाला बरं वाटायला हवंय?" ती म्हणाली. "तिला जिना नको, तिला दुसरं कुत्रं नको, तिला दिवसभर माणूस हवं. यातलं आपल्याकडे काय आहे ते सांगा."

मग बटणसाठी घर शोधायचं ठरलं. त्याने दुकानात, दवाखान्यात चिठ्ठ्या लावल्या, आणि या खेपेला येणाऱ्या प्रत्येकाला खुर्चीत बसवून तो प्रश्न विचारू लागला. एक गृहस्थ म्हणाले, बंगल्याला राखण हवी. एका बाईंना मुलाच्या वाढदिवसाला द्यायला हवी होती. एक तरुण जोडपं आलं, चांगलं शिकलेलं, तळमजल्यावर राहणारं, बटणच्या शेजारी जमिनीवर बसलं. चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडत होता, तेवढ्यात नवरा म्हणाला की रंग फार सुंदर आहे हिचा. एकदाच पिल्लं घेऊ आणि मग ऑपरेशन करू. आमचे मित्र आत्तापासून मागताहेत. बायको म्हणाली की एकदा तरी आई व्हायला हवीच ना तिने.

ऑपरेशन झालंय, असं चष्मेवाल्याने सांगितलं. ती दोघं जरा वेळ बसली आणि विचार करून कळवतो म्हणून गेली. त्यांच्यावर रागवायचं म्हटलं तरी त्याला जमेना. दोघं त्याचीच वाक्यं बोलत होती.

मशीनवाल्या बाई त्याच्या दुकानात आल्या त्या जवळचा नंबर तपासायला. साठीच्या बाई, तळमजल्यावरच्या घरात पुढच्या खोलीत शिवणाची मशीनं दुरुस्त करायच्या. पुलापलीकडे, दोन रस्ते सोडून घर. त्यांचा नवरा हे काम करायचा, तो गेल्यावर यांनी पाना हातात घेतला तो घेतलाच. त्यांनी चिठ्ठी वाचली, आणि कुत्री बघायला येते म्हणाल्या. चष्मेवाल्याने नेहमीचे प्रश्न सुरू केले. त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली: जिना नाही, दुसरं जनावर नाही, दिवसभर घरीच, आधीची कुत्री चौदा वर्षं जगली आणि गेल्या साली गेली. मग त्या म्हणाल्या, आता मी विचारते.

त्यांनी विचारलं की हिची आई कोण. त्याने सांगितलं. आईचे पाय कसे आहेत. त्याने तेही सांगितलं. तुम्हाला आधी माहीत होतं का. चष्मेवाला काउंटरवरच्या फडक्याची उगाच घडी करू लागला. मग हो म्हणाला.

"फुकट दिली ना पिल्लं?"

"हो. एक पैसाही घेतला नाही."

"म्हणून चौकशी केली नाहीत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. मशीन उघडून, कुठला दात झिजलाय ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "वस्तू विकली की माणूस निदान तक्रारीला परत येतो. फुकट दिलेलं कोण परत आणतो?"

त्या दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी आल्या, आणि तिसऱ्या दिवशीही. दोन्ही दिवस त्या बटणपासून हातभर अंतरावर जमिनीवर नुसत्या बसल्या. तिच्याकडे बघितलंही नाही. तिसऱ्या दिवशी बटण चार पावलं आली, थांबली, आणि मग पाचवं पाऊल टाकून तिने बाईंच्या साडीचा काठ हुंगला.

नेताना त्यांच्या दोन अटी होत्या. एक, मला काही झालं तर ही तुमच्याकडे परत येईल आणि तुम्ही तिचं सगळं कराल, असं कागदावर लिहून द्या. दुसरी, पहिले दोन महिने तुम्ही यायचं नाही. तिला एकच माणूस आपलं म्हणून कळू दे. चष्मेवाल्याने दोन्ही मान्य केल्या. रिक्षा निघताना त्याने बटणच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला. त्यापलीकडे ती त्याचं काही देणं लागत नव्हती.

रिक्षा सुरू झाली तेव्हा बाईंनी मान बाहेर काढून विचारलं, "बाकीची पाच कुठे आहेत?"

त्या दोन महिन्यांत त्याने तेच शोधलं. दर सोमवारी दुकान बंद असायचं, त्या दिवशी तो निघायचा.

रडूबाई एका निवृत्त शिक्षक नवरा-बायकोकडे होती. ती लंगडत होती, पण तिच्या पलंगाला त्यांनी उतरती फळी लावली होती आणि ती आपल्याला बघताच आनंदाने भुंकते याचाही त्यांना अभिमान होता. चष्मेवाला त्यांच्या घरी दोन तास बसला, त्याला उठवेना. ढब्बू दोन वर्षांचा असताना रस्त्यावर गाडीखाली गेला होता. मागे सरकायला त्याला वेळ लागायचा, असं मालकीण म्हणाली, आणि तिला वाटत होतं की तो आळशी होता. पोस्टमनचं कुटुंब गाव सोडून गेलं होतं, फोन लागत नव्हता. जाड्याला बायकोच्या कचेरीतल्या एकांनी नेलं होतं; त्यांनी तो पुढे कुणाला दिला, त्यांनी आणखी कुणाला. गावाबाहेर मोकळी जागा आहे, तिथे मजेत असेल, असं ते म्हणाले. ती जागा कुठे, हे त्यांना सांगता आलं नाही.

खारी राहिली ठेकेदाराकडे. तिथे तो मेव्हण्याला घेऊन गेला. ठेकेदाराने दोघांना आत बोलावलं, सरबत दिलं. खारी मागच्या बाजूला एका पिंजऱ्यात होती, स्वच्छ, गुबगुबीत, आणि उठताना पुढच्या पायांवर उठणारी. तिला दोनदा पिल्लं झाली होती. पहिल्यांदा आठ, दुसऱ्यांदा नऊ. सगळी गेली, ठेकेदार खुशीत म्हणाला, लोक आगाऊ सांगून ठेवतात.

चष्मेवाल्याने बरोबर आणलेला एक्स-रे खिडकीसमोर धरला. खोबणी दाखवली, गोळा दाखवला. हे हिच्या बहिणीचं आहे, हे हिच्यातही असणार, हिच्या पिल्लांतही असणार, म्हणून सांगितलं. एकदा डॉक्टरांना दाखवा आणि हिला आता थांबवा, अशी विनंती केली. तो चांगलं बोलत होता. पाच वर्षांपूर्वी म्हातारे डॉक्टर बोलले होते त्यापेक्षा चांगलं आणि जास्त वेळ.

ठेकेदाराने एक्स-रेकडे बघितलं, मग खारीकडे, मग त्याच्याकडे. "चष्मेवाले," तो म्हणाला, "तुम्ही माणसांचे डोळे तपासा. एवढं होतं तर कुत्री माझ्याकडे आणलीतच कशाला?"

मेव्हणा बाहेर पडल्यावर पुटपुटला की मलाही ठाऊक नव्हतं, भावजी. चष्मेवाला म्हणाला, तुला नव्हतं.

त्या सतरा पिल्लांची नावं, पत्ते ठेकेदाराकडे नव्हते. असते तरी त्याने दिले नसते. चष्मेवाल्याने पुढच्या महिन्यात दोनदा फोन केला, दुसऱ्यांदा तो उचलला गेला नाही. कुणाकडे तक्रार करावी, तर तक्रार कसली करायची हेही कळेना. खारीला उपाशी ठेवलेलं नव्हतं, बांधून मारलेलं नव्हतं.

सुट्टीत मुलगी घरी आली. आल्या आल्या बाईसाहेबच्या गळ्यात पडली, आणि मग दुपारी, नखं कापत बसलेली असताना, सहज म्हणाली की बाबा, आपली पिल्लं आता पाच वर्षांची असतील नाही. इतकी वर्षं या प्रश्नाला त्याचं एकच उत्तर ठरलेलं होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

त्याने सगळं सांगितलं. म्हाताऱ्या डॉक्टरांपासून सुरुवात केली. खोकं सांगितलं, पट्टा सांगितला, ढब्बू सांगितला, खारीची सतरा सांगितली. मुलीने मध्ये एकदाही थांबवलं नाही. तिच्या हातातलं नेलकटर तसंच उघडं राहिलं होतं.

ते मिटत ती म्हणाली, "पण मीच मागे लागले होते ना. पिल्लं हवीत म्हणून."

"तू दहा वर्षांची होतीस," तो म्हणाला. "मी बेचाळीस."

दोन महिने उलटून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक मशीनवाल्या बाईंकडे गेले. पुढची खोली तेलाच्या वासाने भरलेली होती. भिंतीला लागून पाच-सहा मशीनं, त्यांची पोटं उघडी. बाई टेबलाशी बसल्या होत्या आणि बटण त्यांच्या पायावर हनुवटी टेकून, चक्क जुन्या गोधडीवर, पडली होती. मानेवर केस आले होते, रंगाने जरा फिके. तिने दोघांकडे बघितलं, शेपटी जमिनीवर दोनदा आपटली आणि पुन्हा डोळे मिटले. पाहुण्यांना करायचं तेवढं तिने केलं होतं.

बाईंनी कौतुकाने सांगितलं की आता ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जाते आणि येते. त्याहून लांब नाही. थंडी पडली की दुखतं, रोज गोळी द्यावी लागते, ती शेवटपर्यंत लागेल. डॉक्टरीणबाई म्हणतात आणखी तीन-चार वर्षं बरी जातील. मग त्या मुलीला म्हणाल्या की बस इथे, हात पुढे करू नकोस, तिला येऊ दे. मुलगी खाली बसली. बटण आली नाही. मुलगी अर्धा तास बसून राहिली, आणि त्या वेळात बाईंनी एका मशीनचा पट्टा बदलला.

चष्मेवाला उभाच होता. बसा, असं त्याला कुणी म्हटलं नाही असं नाही, त्यालाच बसवत नव्हतं. निघताना त्याने औषधाच्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवली. बाईंनी ती घेतली, आणि पुढच्या महिन्यात याल तेव्हा नखं कापायला मदत करा म्हणाल्या. त्याने हो म्हटलं.

परत येताना मुलगी जरा पुढे चालत होती. पुलापाशी ती थांबली आणि तो येईपर्यंत कठड्याला टेकून उभी राहिली. त्या सतरांपैकी निदान काही तरी चांगल्या घरी गेली असतील ना, असं तिने विचारलं.

चष्मेवाल्याच्या तोंडात हो आलं होतं. पाच वर्षं तेच उत्तर त्याच्या जिभेवर होतं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

मुलीने मान हलवली. मग तिने त्याच्या हातातली रिकामी पिशवी स्वतःकडे घेतली, आणि दोघं पूल ओलांडून घरी आले.